मेख

जबल शम्सवर गाडी थांबली तेव्हा ऊन कललं होतं.
खल्फाननं पिशवीतून तंबू काढला, कांड्या जोडल्या,
दोन कमानी एकमेकींवर वाकल्या
आणि तो उभा राहिला: हिरवा, फुगलेला,
दुकानदारानं सांगितलं होतं तस्सा, आपला आपण.

"बघ जुवैना," भाऊ म्हणाला, "याला कुणाची गरज नाही."

तरी सवयीनं त्यानं खुंटी टेकवली,
हातोडी घातली.
खडकानं एक ठिणगी दिली, बस.
दुसरी खुंटी कोपरात दुमडली.
तिसरी टणकन उडाली ती सापडलीच नाही.
सबंध डोंगर चुनखडीचा,
कधीकाळी समुद्राचा तळ होता म्हणतात.
अंगावरचे शिंपल्यांचे ठसे बघू देतो,
आत मात्र नखभरही घेत नाही कुणाला.
यातली मेख अशी
की मेखच जात नाही.

"राहू दे," मी म्हटलं. "उभा तर आहे."

कॉफीची किटली आणि खजुरांचा डबा
काढायला आम्ही वळलो
आणि दरीतून वारा वर आला,
दारात न खाकरता.
तंबू एका बाजूनं उचलला,
चप्पल शोधणाऱ्या पाहुण्यासारखा घुटमळला जरा,
मग निघालाच
कोलांट्या घेत, हलका, जवळजवळ खुशीत,
थेट कड्याकडे.
खल्फान दिशदाशा गुडघ्यापर्यंत धरून त्याच्यामागे,
मी खल्फानच्या मागे
ओरडत: जाऊ दे त्याला, तू थांब!
वडिलांचं घर विकल्यापासून
इतक्या मोठ्यानं मी त्याला काही सांगितलं नव्हतं.
हळू आवाजातही नव्हतं.

कड्याच्या वीस पावलं अलीकडे
वाऱ्यानं अर्धा सोलून काढलेला एक जुनिपर.
त्यानं फांदी आडवी घातली.

शेळ्यांच्या कुंपणापाशी एक म्हातारी चाती फिरवत होती.
आम्ही तंबू ओढत परत येईपर्यंत तिचं सूत तुटलं नाही.
"उभा राहतो," ती म्हणाली,
"पण बसता येतं का त्याला?"

मग उठली. गुबैशा तिचं नाव.
कुंपणाच्या भिंतीतून एकेक दगड काढून
आमच्या हातात देत गेली, बाळ द्यावं तसा, खालून धरून.
लहान दगडाला दोर गुंडाळ.
मोठा त्याच्या पुढ्यात, तंबूच्या बाजूला.
आता ओढ.
ओढलं, तर लहान दगड सरकला
आणि मोठ्याला छातीशी भिडून थांबला.
"वारा जेवढा ओढेल तेवढे हे दोघं घट्ट," ती म्हणाली.
"आणि आत पाण्याचे कॅन ठेवा. तांदूळ. स्वतः बसा.
काड्यांवर उभं राहता येतं, पोरांनो,
टेकायला बूड लागतं."

रात्री वाऱ्यानं कापडाला गच्च धरून झटकलं.
बाहेर दगडांनी दात खाल्ले, जागा सोडली नाही.
दोन कोपऱ्यांत दोन कॅन,
उरलेल्या दोन कोपऱ्यांत
वजन म्हणून
आम्ही.
झोप येणार नव्हतीच.
कधीतरी त्यानं विचारलं, खजुरीची झाडं कुणी तोडली, तुला माहीत आहे?
मी म्हटलं, माहीत आहे.
तो म्हणाला, मला वाटलं तुला वाटतं की मी.
कॅनमधलं पाणी डचमळलं.
मी म्हटलं, वाटत होतं.

सकाळी गुबैशानं चहाला नाही म्हटलं, खजूर घेतले,
आणि बोटानं कुंपणातली भगदाडं दाखवली.
प्रत्येक दगड आपापल्या जागी.
हा इथला नाही. उलटा कर. हां.
शेळ्या वाट बघत उभ्या, परीक्षकांसारख्या.
तंबू घडी होऊन पिशवीत गेला,
आला होता त्यापेक्षा जाड.

मस्कतला तिसऱ्या मजल्यावर सामान उपसताना
एक दगड निघाला, दोराच्या गुंडाळीत अडकलेला.
मूठभर. त्यावर अर्धा शिंपला.
खल्फानला फोन केला.
तो म्हणाला, कुंपणात एक भोक राहिलं असेल मग,
करडू निसटेल.
येत्या गुरुवारी निघू या, चारला.
खुंट्या घेऊ नकोस.